बोटांना ठाऊक असलेली अक्षरं

माझ्या फोनचा जवळजवळ एक तृतीयांश चेहरा कळांनी व्यापलेला आहे. वर साडेचार इंचांचा पडदा, आणि त्याखाली चार ओळींत बसवलेली खरीखुरी बटणं, दाबली की खाली जाणारी. ब्लॅकबेरीचा 'की टू', २०१८ सालचा. सिनेमा पाहायला हा फोन गैरसोयीचा आहे, नकाशा पाहायला तोकडा आहे. पण त्याचा जो भाग लिहिण्यासाठी राखून ठेवला आहे, तो दुसऱ्या कशालाही देता येत नाही. इतर फोनवर लिहिण्याची जागा बोलावल्यावर वर येते आणि काम झालं की नाहीशी होते. इथे ती सदैव अंगठ्यांखाली असते. फोन हातात घेतला की आधी काहीतरी लिहावंसं वाटतं, पाहावंसं नंतर. मी तो वापरतो त्याचं पहिलं कारण हेच आहे.

मी मुनिरका गावात राहतो. दिल्लीत 'गाव' म्हणजे शहराने चहूबाजूंनी वेढलेली जुनी वस्ती. इथली मूळ घरं टोकस जाटांची, आणि त्या घरांवर मजल्यावर मजले चढून झालेल्या खोल्यांमध्ये मणिपूरपासून मराठवाड्यापर्यंतची पोरं भाड्याने राहतात. एका अंगाला जेएनयू, थोडं पुढे आयआयटी. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या सज्ज्यांतून हात मिळवता यावेत. तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. एकेका खोलीत दोघंतिघं, आणि दोन खोल्यांमधली भिंत नावापुरती.

अशा ठिकाणी फोनवर बोलणं म्हणजे चारचौघांत बोलणं. शेजाऱ्याला मराठी कळत नाही हे खरं, पण आवाज कापरा झालेला कुठल्याही भाषेत कळतो. बाबांच्या तपासण्यांचे निकाल, थांबलेली शिष्यवृत्ती, मोडलेलं लग्न असल्या गोष्टी इथली मुलं बोलत नाहीत, लिहितात. रात्री अकरानंतर जिन्याच्या पायरीवर बसून कुणीतरी लिहीत असतं. मुनिरकात लिहिणं ही हौस नाही, एकांत मिळवायचा तो एकच मार्ग आहे. म्हणून लिहिण्याचं साधन कसं आहे, याला इथे फार महत्त्व आहे असं मला वाटतं.

कळ म्हणजे काय, तर खाली धातूचा एक इवलासा घुमट असतो. दाब एका मर्यादेपर्यंत वाढला की तो घुमट एकदम आत बसतो आणि बोट उचलताच परत वर येतो. तो टिचकीसारखा धक्का म्हणजे अक्षर उमटल्याची पोच. डोळ्यांनी खात्री करायची गरज उरत नाही. प्रत्येक कळेला किंचित उतार दिलेला असतो, दोन ओळींमध्ये बारीक धातूची पट्टी असते, त्यामुळे अंगठा शेजारच्या अक्षरावर घसरला तर त्यालाच ते आधी कळतं. महिनाभर वापरल्यावर अंगठे आपोआप जागा शोधू लागतात आणि नजर मोकळी होते. ती अक्षरावर न राहता वाक्यावर जाते. लिहिताना आपण नेमकं काय म्हणतो आहोत हे पाहायला मिळणं, ही मला या फोनने दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

डोळ्यांशिवाय सापडणाऱ्या कळेची किंमत मुनिरकाला वेगळ्या रीतीनेही कळलेली आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री जिच्यावर धावत्या बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला ती तरुणी आणि तिचा मित्र याच मुनिरकाच्या बसथांब्यावरून त्या बसमध्ये चढले होते. त्यानंतर देशभर जे नियम आणि कायदे झाले, त्यांतला एक फोनच्या बटणाबद्दल होता. केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये काढलेल्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून विकायच्या प्रत्येक साध्या फोनवर पाच किंवा नऊ आकड्याची कळ दाबून धरली की मदतीचा फोन लागला पाहिजे, आणि स्मार्टफोनवर तेच काम मदतीचं बटण दाबून धरून किंवा चालू-बंद करण्याचं बटण तीनदा दाबून झालं पाहिजे. पडद्यावरच्या चित्राला बोट लावून नव्हे, बटण दाबून. संकटात माणूस फोनकडे पाहू शकत नाही. खिशात, पिशवीत, अंधारात हात जाईल तिथे ती जागा सापडली पाहिजे, हे त्या नियम करणाऱ्यांनी ओळखलं होतं. माझ्या फोनवर 'ए'ची कळ दाबून धरली की आईला फोन लागतो. अशी प्रत्येक अक्षराला एक आखूड आणि एक लांब दाबणी नेमता येते, एकूण बावन्न. मी पाच-सहाच नेमल्या आहेत, पण त्या अंधारातही चुकत नाहीत.

आउटर रिंग रोड ओलांडला की आर. के. पुरम. तिथे सेक्टर पाचमध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं केंद्र आहे, आणि इकडे जेएनयूच्या ग्रंथालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी हेलन केलर युनिट. त्यामुळे पांढरी काठी घेतलेली मुलं आमच्या भागात नेहमी दिसतात. त्यांतला एक, परभणीकडचा, माझा चांगला मित्र आहे. नोकियाच्या ई मालिकेतल्या फोनवर 'टॉक्स' नावाचा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाकून या मुलांच्या आधीच्या पिढीने फोन वापरला. माझ्या मित्राचा पहिला फोनही तसाच होता. आता तो सपाट पडद्यावर बोट फिरवतो, अक्षर ऐकतो, बोट उचलतो, पुढचं शोधतो. त्याचा वेग चकित करणारा आहे. तरी लांबलचक लिहायचं असलं की तो सॅकमधून ब्लूटूथचा कीबोर्ड काढतो. माझा फोन पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याने सगळ्या कळांवरून अंगठे फिरवले आणि म्हणाला, "दादा, ह्याच्यावर बोट ठेवलं म्हणून अक्षर उमटत नाही, दाबलं तरच उमटतं. म्हणजे शोधायला मोकळीक आहे." सपाट काचेवर स्पर्श म्हणजेच आज्ञा असते, कळेवर स्पर्श आणि आज्ञा वेगळ्या असतात. हे इतकं नेमकं मला डोळस माणसांकडून ऐकायला मिळालं नव्हतं.

पण इथवर जे सांगितलं ते सगळं इंग्रजी अक्षरांबद्दल खरं आहे. मराठीची गोष्ट निराळी आहे, आणि ती मला अधिक जिव्हाळ्याची आहे.

९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन दाखवला तेव्हा त्यांनी मोटो क्यू, ब्लॅकबेरी, ट्रिओ आणि नोकिया ई-६२ या कळांच्या फोनांवर असा आक्षेप घेतला होता, की त्यांची बटणं प्लॅस्टिकमध्ये पक्की बसवलेली आहेत, प्रत्येक कामाला तीच. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही उणीव फारशी जाणवली नसेल. आपल्यासाठी तो मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पडद्यावर कुठलीही लिपी काढता येते. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये घडलेला 'स्वरचक्र' कळफलक पाहा: व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती सगळी बाराखडी चक्रासारखी उमलते. आपल्या लिपीची रचना समजून केलेलं ते काम आहे, आणि कळांच्या फोनवर ते शक्यच नव्हतं. टच स्क्रीन आला नसता तर आज मराठी माणूस फोनवर जेवढं देवनागरी लिहितो त्याच्या निम्मंही लिहीत नसता, असं माझं मत आहे.

मग मी माझ्या फोनवर मराठी कसं लिहितो? रोमन अक्षरांत लिहायचं आणि यंत्राने त्याचं देवनागरी करायचं, हा एक मार्ग. त्यात 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांतलं काय हवं ते यंत्र शब्दसंग्रहावरून ओळखतं, चार पर्याय पडद्यावर मांडतं, आणि मला मान वाकवून त्यांतला एक निवडावा लागतो. पुष्कळदा पहिला पर्याय हिंदी शब्द असतो. म्हणजे अंगठ्यांनी जी मोकळीक मिळवली होती ती नजरेला परत करावी लागते.

दुसरा मार्ग इन्स्क्रिप्टचा. आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात नोंदलेला हा कळफलक फार विचारपूर्वक रचलेला आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, 'क'च्याच कळेवर शिफ्टसह 'ख', 'ग'च्या कळेवर 'घ'. ज्याला बाराखडी येते त्याला तो लवकर उमगतो, आणि मराठी शिकलेल्याची बोटं कानडी-बंगालीतही त्याच जागी पडतात. पण तो संगणकासाठी रचलेला आहे. तिथे 'च' आणि 'छ' अर्धविरामाच्या कळेवर आहेत, 'ट' आणि 'ठ' अवतरणचिन्हाच्या, 'ड' आणि 'ढ' चौकटी कंसाच्या, 'य' तिरक्या रेघेच्या, 'ष' स्वल्पविरामाच्या. फोनवर सव्वीस अक्षरांपलीकडे या कळाच नसतात. म्हणजे मनात 'चहा ठेव' एवढंच असलं तरी 'च' आणि 'ठ' कुठल्यातरी दुसऱ्या पानावर शोधायचे. माझ्या फोनवर 'एम'च्या शेजारी चलनाच्या चिन्हासाठी स्वतंत्र कळ आहे. 'च'साठी नाही, आणि 'च'शिवाय मराठी माणसाला ठासून काही म्हणताच येत नाही.

मराठी कळा कधी नव्हत्याच असंही नाही. माझी आत्या पंढरपूरला टायपिंगच्या क्लासला जात असे. मिनिटाला तीस शब्दांची मराठीची परीक्षा पास झाली आणि त्या प्रमाणपत्रावर तिला नोकरी लागली. मराठी टंकयंत्रावर आधी अर्धं अक्षर उमटवायचं आणि मग त्याला काना देऊन पूर्ण करायचं, अशी किचकट रीत. तरी आत्या कागदाकडे पाहत असे, कळांकडे नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जुनं गाणं ऐकताना तिची बोटं मांडीवर त्याचे शब्द टाइप करत असतात. १९५५ पासून टंकयंत्रं बनवणाऱ्या गोदरेजने शिरवळच्या कारखान्यातलं उत्पादन २००९ मध्ये थांबवलं. मराठी बोटांची ती एक अख्खी पिढी होती, आणि तिचं कसब पुढच्या यंत्रांनी घेतलं नाही.

कळांच्या फोनचा बाजारही फार काळ टिकला नाही. ब्लॅकबेरी २००४ मध्ये एअरटेलबरोबर भारतात आला. पुढे नोकियाच्या ई-७१ आणि सी-३ ने, आणि गुरुग्रामच्या मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांनी ही बटणं विद्यार्थ्यांच्या हातात दिली. माझा 'की टू' भारतात आणला तो नोएडाच्या ऑप्टिमस इन्फ्राकॉमने, ४२,९९० रुपयांना. मी तो नंतर करोल बागेच्या गफ्फार मार्केटमधून वापरलेला घेतला. ब्लॅकबेरीच्या नावाने हे फोन बनवणाऱ्या टीसीएलने ३१ ऑगस्ट २०२० ला ते विकणं बंद केलं. ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या जुन्या प्रणालीवरच्या फोनांची सेवा थांबली. माझा अँड्रॉइडचा, म्हणून तो चालू राहिला. त्याला आता सुरक्षेची नवी भर मिळत नाही, एका बँकेचं ॲप त्यावर उघडतच नाही, त्यामुळे पैशांचे व्यवहार मी दुसऱ्या फोनवर करतो आणि असा जुना फोन वापरणाऱ्या प्रत्येकाने तसंच करावं. मुनिरकातला दुरुस्तीवाला कळांची पट्टी पाहून म्हणाला, "भाईसाहब, इसका माल अब नहीं आता, सँभाल के चलाइए." सांभाळूनच चालवतो आहे.

तरीही हा प्रकार संपलेला नाही. शांघायची युनिहर्ट्झ टायटन नावाचे कळांचे फोन काढते आहे, २०२४ पासून आयफोनला खालून जोडायचा 'क्लिक्स' कळफलक मिळतो. या नव्या वस्तू बनवणाऱ्यांकडे मराठी, हिंदी, गुजराती लिहिणाऱ्यांनी मागणी केली पाहिजे, की पाच-सहा कळा वाढवा आणि इन्स्क्रिप्ट पुरता बसवा. नऊ-दहा लिप्यांना एकच रचना चालते. एवढा मोठा लिहिणारा समाज एका कळफलकावर दुसरीकडे क्वचितच सापडेल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात आपण कळांची मागणीही करावी.

पण मागणी करणाऱ्यांच्या बोटांत आधी मराठी असली पाहिजे. घरात संगणक असेल तर मुलांना रोमनमधून मराठी लिहायची सवय लागण्याआधी इन्स्क्रिप्ट शिकवा, आणि त्यांच्याबरोबर आपणही शिका. त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की तो कळफलक तिथे आहेच.