सीलिसबर्गचे दहा मुद्दे

प्रिय ताईस,


ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या संघटित सहकार्याचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे. त्याआधीच्या शतकांत ज्यूंची बाजू घेणारे ख्रिस्ती विद्वान अधूनमधून भेटतात. जर्मनीत ज्यूंचे धर्मग्रंथ जाळून टाकण्याची मागणी झाली, तेव्हा योहानेस रॉयश्लिन या हिब्रूच्या पंडिताने 1510 साली सम्राटाला त्याविरुद्ध लेखी मत दिले. मात्र अशा आस्थेमागे बहुधा धर्मांतराची आशा असे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत बेने इस्रायल या ज्यू समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले, त्यामागेही ती होतीच. कोकणातून आलेल्या या समाजाने विद्या घेतली आणि धर्म आपलाच राखला. विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत शिकलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर पुढे ज्यू प्रार्थनापुस्तके मराठीत आणणारे झाले.

समोरच्याला आपल्या धर्मात न ओढता त्याच्याबरोबर काम करायचे, ही कल्पना विसाव्या शतकात रुजली. अमेरिकेत 1927 साली ख्रिस्ती आणि ज्यूंची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. ब्रिटनमध्ये ऐन युद्धात, 1942 साली, आर्चबिशप विल्यम टेंपल आणि मुख्य रब्बी जोसेफ हर्ट्झ यांनी तशीच संस्था उभी केली. या संस्थांचा भर शेजारधर्मावर आणि द्वेषाच्या प्रतिकारावर होता. ख्रिस्ती शिकवणीतच काही चुकले आहे का, हा प्रश्न मात्र त्यांनी ऐरणीवर आणला नव्हता.

तो आणला झ्यूल इझाक यांनी. इझाक फ्रान्समधले ज्यू इतिहासकार. त्यांच्या पाठ्यपुस्तकांवर फ्रेंच विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या होत्या, आणि शिक्षण खात्यात ते महानिरीक्षक होते. 1940 साली जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने ज्यू म्हणून त्यांना पदावरून काढले. पुढे लपतछपत राहताना त्यांनी शुभवर्तमाने मूळ ग्रीकमध्ये वाचायला घेतली. त्यांत प्रत्यक्ष काय लिहिले आहे आणि चर्चने शतकानुशतके काय शिकवले, याची ते ओळीओळीने तुलना करत होते. 1943 च्या ऑक्टोबरात त्यांची पत्नी आणि मुलगी पकडल्या गेल्या. दोघींना ऑशविट्झमध्ये मारण्यात आले. काम पुरे करा, एवढा निरोप पत्नीने कैदेतून पाठवला होता. ‘येशू आणि इस्रायल’ हा त्यांचा ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष साधा आणि जबर होता: येशू ज्यू होता, त्याचे पहिले अनुयायी ज्यू होते, आणि सबंध ज्यू लोकांनी त्याला नाकारले किंवा मारले, या समजुतीला शुभवर्तमानांत आधार नाही. तिरस्कार शिकवला गेला होता. म्हणून तो शिकवणे थांबवताही येणार होते. आयुष्यभर पाठ्यपुस्तके लिहिलेल्या माणसालाच हे इतके स्पष्ट दिसावे, हे स्वाभाविक आहे.

युद्ध संपल्यावरही ज्यूद्वेष संपला नव्हता. जुलै 1946 मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से गावी जमावाने चाळीसहून अधिक ज्यूंना ठार केले. 30 जुलै ते 5 ऑगस्ट 1947 या आठवड्यात स्वित्झर्लंडमधल्या सीलिसबर्ग इथे या प्रश्नावर तातडीची परिषद भरली. इझाक यांनी तिथे अठरा मुद्दे मांडले. त्यांवरून चर्चेअंती ख्रिस्ती चर्चना उद्देशून दहा मुद्दे तयार झाले. जुन्या आणि नव्या करारांतून एकच देव बोलतो, शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा जुन्या करारातच आहे, येशूच्या मृत्यूचा ठपका साऱ्या ज्यूंवर ठेवू नये, आणि ज्यू शापित आहेत असे सुचवू नये, हा त्यांचा गाभा. मुद्दे धर्मशास्त्राचे खरे; पण ते लिहिले आहेत शिक्षक आणि प्रवचनकारांसाठी. या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम हेच.

तरी ते कोणावर बंधनकारक नव्हते. त्याला अधिकृत वजन मिळायला अठरा वर्षे लागली. 13 जून 1960 रोजी ऐंशी ओलांडलेले इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले. तुर्कस्तानात असताना या पोपनी ज्यू निर्वासितांना मदत केली होती. त्याच वर्षी त्यांनी कार्डिनल आउगुस्टिन बेआ यांच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेसाठी, ज्यूंविषयीच्या निवेदनाचे काम सोपवले. पुढची वाट खडतर होती. अरब देशांतल्या बिशपांना राजकीय परिणामांची धास्ती होती, परंपरावाद्यांना सिद्धांत ढळण्याची. 1964 च्या एका मसुद्यात ज्यूंच्या धर्मांतराची आशा डोकावली, तेव्हा रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांनी बजावले की धर्मांतर किंवा ऑशविट्झ एवढाच पर्याय उरला, तर ते ऑशविट्झ पत्करतील. तो मजकूर काढून टाकण्यात आला. 28 ऑक्टोबर 1965 रोजी ‘नोस्त्रा एताते’ हे निवेदन परिषदेत 88 विरुद्ध 2,221 मतांनी संमत झाले. येशूच्या छळाचा दोष तेव्हाच्या साऱ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येत नाही, असे त्यात नमूद झाले. इझाक 1963 मध्येच वारले होते. हा दिवस त्यांना पाहायला मिळायला हवा होता.

त्यानंतरचा प्रवास तुलनेने सोपा झाला. 1986 साली पोप दुसरे जॉन पॉल रोममधल्या सिनेगॉगमध्ये गेले. 1993 च्या अखेरीस व्हॅटिकन आणि इस्रायल यांच्यात राजनैतिक संबंधांचा करार झाला. ज्यूंमध्ये मात्र या संवादाबद्दल एकमत नव्हते. रब्बी जोसेफ सोलोवेइचिक यांनी 1964 सालीच भूमिका घेतली होती की समाजहिताच्या कामात साथ द्यावी, श्रद्धेच्या गाभ्यावर वाटाघाटी करू नयेत. बरेच सनातनी ज्यू आजही तीच मानतात. तिला उद्धटपणा समजणे अन्यायाचे ठरेल. शतकानुशतकांच्या सक्तीच्या धर्मांतरांची आठवण तिच्यामागे आहे. 2015 साली व्हॅटिकनने जाहीर केले की ज्यूंच्या धर्मांतरासाठी कॅथलिक चर्च कोणतेही संस्थात्मक मिशन चालवत नाही आणि तसल्या कामाला पाठिंबाही देत नाही.

सीलिसबर्गचे दहा मुद्दे थोडक्या जागेत मावतात. इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते मुळातून वाचावेत.

तुझा,
धाकटा भाऊ