घोड्याचे बिऱ्हाड

घोड्याची जागा बदलली की सर्वांत आधी त्याचा दिवस विस्कटतो. चंदीची वेळ, खरारा करणारा हात, शेजारच्या थानावरची ओळखीची खिंकाळी, पाण्याची चव, संध्याकाळी वारा येण्याची दिशा, या सगळ्यांचा मिळून त्याचा दिवस होतो. बिऱ्हाड हलवताना हे सारे एकदम तुटते. म्हणून घोड्याच्या स्थलांतराचा मुख्य नियम असा, की जागा बदलताना बाकी शक्य तितके जुनेच ठेवावे आणि मग एकेक गोष्ट सावकाश बदलावी.

पनवेल तालुक्यात हा नियम कसाला लागतो. माथेरानच्या डोंगराखाली नेरे, वाजे, मालडुंगे या बाजूला भातशेतीच्या शेजारी फार्महाऊस उभी राहिली आहेत. अशा ठिकाणी घोडा येतो तो बहुधा कोरड्या मुलखातून. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खानदेशच्या त्या हवेत, ज्वारीच्या कडब्यावर वाढलेल्या जनावराला कोकणची दमट हवा आणि भाताचा पेंढा दोन्ही परके.

तयारी निघण्याआधीच सुरू करावी. धनुर्वाताची लस, ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी आणि पशुवैद्यकाचा दाखला हातात असावा. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे या तपासणीत सवलत नको. खाणे हा त्याहून नाजूक विषय. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव चारा पचवतात आणि ते रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात. चारा एकाएकी बदलला की पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे साधी वाटणारी पोटदुखीही जिवावर बेतते. दोन आठवड्यांची जुनी वैरण आणि चंदी बरोबर आणावी व नवी त्यात थोडी थोडी मिसळत जावी. नवे पाणी घोडा हुंगून सोडून देतो. त्यासाठी जुन्या जागीच काही दिवस पाण्यात किंचित गूळ घालून सवय लावली, तर नव्या जागी तीच चव त्याला सापडते.

प्रवासात घोड्याला मान खाली घालता आली पाहिजे. मान वर बांधलेली राहिली तर श्वासनलिकेतली धूळ आणि कफ बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुफ्फुसांचा दाह होतो. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवावे.

पनवेलने घोड्यांचे प्रवास फार पाहिले आहेत. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढे. 1830 मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे तो घाट चढली ती 1863 मध्ये. त्या काळातला घोडा देशावर जायचा तो आपल्या चार पायांनी. खाडीचा खारा वास मागे पडायचा, भातखाचरांचा चिखल संपून पायाखाली मुरूम यायचा, घाटात हवा पातळ आणि गार व्हायची आणि मुक्कामामुक्कामाला गवत बदलत जायचे. त्या प्रवासात कष्ट होते, पण परका मुलूख घोड्याला टापेटापेने ओळखीचा होत असे. आज समुद्रसपाटीपासून पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीपर्यंतचे अंतर तो बंद गाडीत उभ्या उभ्या काही तासांत ओलांडतो आणि दार उघडते तेव्हा सगळेच एकदम नवे असते. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत महालक्ष्मीला आणि जुलै ते ऑक्टोबर पुण्याला होतात. शर्यतीचे हे घोडे दरवर्षी दोन बिऱ्हाडे करतात, पनवेलवरूनच. त्यांचे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असते. पण कोणताही घोडा हलवताना त्याची निगा राखणारा साईस तोच राहिला तर निम्मे काम झाले. आलिशान तबेल्यापेक्षा ओळखीचा माणूस घोड्याला अधिक मोलाचा असतो.

नव्या जागेची पाहणी घोडा येण्याआधी व्हावी. फार्महाऊसच्या कुंपणाला हौसेने लावलेली कण्हेर घोड्याची वैरीण आहे. तिची मूठभर पानेही जीव घेतात, आणि वाळली तरी विष जात नाही. घाणेरीही काढावी. सुंदर फुले असली तरी कुरणाच्या कडेला कण्हेर ठेवण्याचा मोह सोडलाच पाहिजे. काटेरी तारेपेक्षा लाकडी आडवे वासे बरे. बिचकून धावणाऱ्या घोड्याला तार दिसत नाही.

घोडा दिवसाउजेडी उतरवावा आणि मोरखी धरून कुंपणाच्या कडेने सावकाश फिरवावा. आधीचे घोडे असतील तर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून मग कुंपणाआडून ओळख करून द्यावी. घोडा एकटा मात्र राहू नये; दुसरा घोडा नसेल तर शेळीसुद्धा चालते. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते आणि ते धाडस तो सुरक्षित वाटल्याशिवाय करत नाही. कित्येक घोडे नव्या जागी पहिल्या काही रात्री बसतच नाहीत. सकाळी अयाळीत आणि कुशीला पेंढ्याच्या काड्या दिसल्या, की त्याने जागा पत्करली असे समजावे.

आवाजांचीही सवय लावावी लागते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. पनवेलच्या आकाशातला हा आवाज बाहेरून आलेल्या घोड्याला अनोळखी. चंदी खाताना या आवाजाचे ध्वनिमुद्रण आधी हळू, मग रोज थोडे मोठे ऐकवावे. खाण्याशी जोडलेल्या आवाजाला घोडा लवकर सरावतो.

शेवटची परीक्षा पावसाची. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या जमिनीवर खुराचा तळवा कुजतो, पाठीवर पावसाळी खरूज धरते आणि गोमाश्या सर्रा हा रोग पसरवतात. थान उंचावर व कोरडे हवे, खूर रोज उचलून साफ करावेत, ताप आला तर रक्त तपासावे. यासाठी घोडा हिवाळ्यात आणणे उत्तम. दत्तजयंतीनंतर आलेल्या घोड्याला मृगापर्यंत पाच-सहा महिने मिळतात, आणि तेवढ्यात चारा, पाणी, सोबती व आवाज एकेक करून त्याच्या अंगवळणी पडतात. चिखल आणि माश्या तेवढ्या नव्या उरतात. पहिला पावसाळा निरोगी पार पडला, की स्थलांतर पुरे झाले.