पाच दिवसांचा बाप

आमच्या कंपनीच्या एचआर पोर्टलवर रजा टाकताना एक यादी उघडते. कॅज्युअल, सिक, अर्न्ड, मग मॅटर्निटी आणि सगळ्यात खाली पॅटर्निटी. त्यावर क्लिक केलं की 'शिल्लक : ५ दिवस' असं दिसतं. चार वर्षं मी ते पान बघत होतो, पण त्या आकड्याकडे कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. जानेवारीत एका सोमवारी पहाटे सांगलीच्या एका हॉस्पिटलात मला मुलगी झाली. तिथल्याच कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या मी मोबाइलवरून ते पाचही दिवस टाकून दिले. मॅनेजरने दोन मिनिटांत मंजूर केले, वर पेढ्याचा इमोजी पाठवला. माणूस चांगला आहे. पुढे जे सांगतोय ते त्याच्याबद्दलची तक्रार म्हणून वाचू नका.

सोमवार ते शुक्रवार पाच दिवस. म्हणजे रजेचा शेवटचा दिवस आणि पोरीची पाचवी एकाच तारखेला आली. आमच्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. सासूबाईंनी पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री कोणीतरी जागं राहायचं असतं. त्याची काळजी कुणाला करावी लागली नाही, कारण साडेनऊला मेसेज आला, "रजेवर आहेस माहितेय, फक्त दहा मिनिटं." शुक्रवारी रात्री रिलीज करू नये हे आमच्या धंद्यातलं शहाणपण सगळ्यांना पाठ असतं आणि शुक्रवारीच रिलीज होतात. दहा मिनिटं अडीच वाजेपर्यंत चालली. एका बाजूला कोरा कागद, एका बाजूला लॅपटॉप, मध्ये मी. सासूबाई पाणी प्यायला उठल्या तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, सटवाई बिचकायची हो तुमच्या त्या उजेडाला."

शनिवारी पोरगी पिवळी दिसायला लागली. कावीळ. नवजात बाळांना होते, घाबरायचं नसतं, असं सगळे सांगतात आणि सगळेच घाबरलेले असतात. दोन दिवस तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांना पट्टी बांधून. सोमवारी माझी रजा संपलेली. मॅनेजरला म्हटलं, आणखी तीन दिवस लागतील. तो मनापासून म्हणाला, "अरे, तू घरूनच काम करतोस ना? मग रजा कशाला घालवतोस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसलो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. खाली मेडिकलवाला, वर निळा दिवा, आणि मी सांगतोय, "काल एपीआयचं काम झालं, आज टेस्टिंग करतो, ब्लॉकर काही नाही." बायको हळूहळू चालत दारापर्यंत आली होती. माझं बोलून होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तू इथे आहेस की नाही ते एकदा ठरव."

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. मी झालो तेव्हा ते मुंबईला मुक्कामी गाडीवर होते. तिसऱ्या दिवशी आले, मला बघितलं, पेढे वाटले आणि परत ड्युटीवर गेले. हे ते गमतीनं सांगतात आणि आई ऐकून घेते. पण गाडी डेपोत लावली की त्यांची ड्युटी संपायची. माझी गाडी डेपोत लागतच नाही. २०२० नंतर पुण्याची खोली सोडून मी साताऱ्याला आलो तेव्हा वाटलं होतं, आपण जिंकलो. भाडं वाचलं, आईच्या हातचं जेवण, खिडकीतून अजिंक्यतारा. घरात राहणं आणि घरी असणं यातला फरक कळायला पोरगी व्हावी लागली.

आता बायकोचं सांगतो, कारण तिच्यापुढे माझं रडगाणं म्हणजे चैन आहे. ती कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर. घरात सहा वर्षं हा शब्द ऐकूनही त्याचा अर्थ मला नीट कळला नव्हता. तास घेतला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचा काळ, उन्हाळा, यातलं काहीच तिच्या पगारात धरत नाहीत, मग बाळंतपण कुठून धरणार? आठव्या महिन्यापर्यंत ती दुसऱ्या मजल्यावरचे वर्ग घेत होती. मॅटर्निटी लीव्हचं विचारलं तेव्हा ऑफिसमधून उत्तर आलं, "मॅडम, तुम्हाला लीव्ह कशाची? तुमचे तास दुसऱ्या कुणाला देऊ." आणि दिले.

मी इंजिनिअर. मॅन्युअल वाचल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून कायदा काढून वाचला. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा. त्यात आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं अशी अट आहे. 'स्त्री' म्हणजे कोण, तर मजुरीवर ठेवलेली. थेट ठेवलेली असो की एजन्सीमार्फत. नोकरी कायम असली पाहिजे, असं त्यात कुठेच नाही. मी तिला म्हटलं, भांडूया. ती म्हणाली, "पुढच्या जूनमध्ये तास कोण देणार आहे? हेच लोक." मी गप्प बसलो. कायदा माझ्या स्क्रीनवर होता आणि जून तिच्या डोक्यात.

वाचता वाचता मागे जात राहिलो आणि फिरून साताऱ्यातच पोचलो. आपल्याकडचा या विषयावरचा सुरुवातीचा कायदा मुंबई इलाख्याचा, १९२९ चा. गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना बाळंतपणात सुट्टी आणि भत्ता मिळावा म्हणून तो आला. त्याआधी १९२८ च्या जुलैत मुंबई कायदे कौन्सिलात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. राजवाड्याजवळच्या ज्या प्रतापसिंह हायस्कूलवरून मी रोज दूध आणायला जातो, तिथे ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव दाखल झालं, हे आम्हा सातारकरांना शाळेपासून पाठ असतं. त्यांच्या आईचा, भीमाबाईंचा मृत्यू साताऱ्यातच झाला, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. त्या भाषणाशी याचा संबंध जोडायचा मोह मी आवरतो. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पण मालकाला त्या बाईच्या कामातून नफा होतो, तेव्हा त्यालाही पूर्ण सुटका नाही.

तो हिशेब आपण पुरा केलाच नाही. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण ईएसआयमध्ये न बसणाऱ्या बाईच्या पगाराचा सगळा बोजा मालकावर राहिला, सरकारचा वाटा शून्य. याचं पुढे काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या टीमसाठी मुलाखती चालू होत्या. एक मुलगी सगळ्यांत चांगली होती. ती कॉलवरून गेल्यावर पॅनेलमधला एकजण म्हणाला, "लग्नाला वर्ष झालंय. विचार करा." कोणी काही बोललं नाही. मीही नाही. तेव्हा माझ्या बायकोला तिसरा महिना होता. नोकरी त्या मुलीला मिळाली नाही. कारण म्हणून फॉर्ममध्ये काहीतरी तांत्रिक लिहिलं गेलं.

म्हणून मला आता वाटतं, बापाची रजा फक्त बापाच्या मायेसाठी मागायची गोष्ट नाही. मुलगा असो की मुलगी, दोघंही सहा महिने गायब होऊ शकतात असं झालं, तर त्या पॅनेलवरच्या माणसाला विचार कशाचा करायचा? आमचा एक क्लायंट स्वीडनचा आहे. त्यांचा प्रॉडक्ट ओनर, चांगला दाढीवाला बुवा, एक दिवस म्हणाला की उद्यापासून मी नाही, सप्टेंबरमध्ये भेटू. आम्हाला वाटलं, आजारी आहे. तर मूल झालेलं. त्यांच्याकडे १९७४ पासून रजा आई-बाप दोघांचीही असते. आता ती एका मुलामागे ४८० दिवस आहे आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे स्वतःचे, दुसऱ्याला देता येत नाहीत. बापाने घेतले नाहीत तर बुडाले. प्रोजेक्ट काही बंद पडला नाही. त्याच्या जागी दुसरी आली, चार दिवसांत सगळं समजून घेतलं, आणि आमच्या चुकाही जास्त काढल्या.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खासगीत कायद्याने काहीच नाही. कंपनीच्या मनात येईल तेवढे, आमचे पाच तसेच. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. १५ दिवस, वाढवून तीन महिन्यांपर्यंत. त्याचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये गेले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द आला, पण बाप नाही आला.

कावीळ उतरल्यावर मी साताऱ्याला परतलो. सासरी दोन खोल्या, बाळ-बाळंतीण, बघायला येणाऱ्या बायका, कॉल कुठे घेणार? शिवाय शेजारच्या मावशींनी दोनदा विचारलं होतं, "जावई मुक्कामालाच आल्याती व्हय?" मग दर शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, मोटारसायकल काढायची. कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली; सव्वाशेएक किलोमीटर. बारशालाही असाच पोचलो, पाळण्याला दोरी लावली तेव्हा अंगाला रस्त्याचीच धूळ होती. तो ऊसाचा हंगाम. अख्ख्या रस्त्यावर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, टेपवर फुल्ल आवाजात गाणी.

फेब्रुवारीत एकदा पेठ नाक्याच्या अलीकडे असाच एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता. चहाच्या टपरीवर ट्रॉलीबरोबरचं जोडपं बसलेलं, बीडकडचं. बाईच्या मांडीवर इवलंसं बाळ, माझ्या पोरीएवढंच. मी विचारलं, किती दिवसांचं? "महिना व्हईल आता." झालं कुठे? कोपीवर. मग कामावर कधी आलात? तिने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "पंधराव्या दिवशी. खाडे व्हतेत ना."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्याला मिळते, दोघांना मिळून. त्यामुळे बाई बाळंत झाली की अर्धा कोयता कामावर, असं होत नाही. त्याने एकट्याने तोडायचं की मोळ्या बांधायच्या की गाडी भरायची? खाडा लागतो तो कोयत्याला आणि फिटतो पुढच्या हंगामाच्या उचलीतून. मी तिथे चहा पीत एवढाच विचार करत होतो की मूल झालं तर आई-बाप दोघांचंही काम थांबतं, हे कबूल करणारा हिशेब अख्ख्या महाराष्ट्रात मला इथे सापडला. आणि तो हिशेब दंडाचा आहे. याच खाड्याच्या धाकाने बीडमधल्या किती ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून टाकली त्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा मी पुण्यात होतो, बातमी वाचून पुढे स्क्रोल केलं असणार.

त्या बाईला पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळाले का, हे मी विचारलं. ती म्हणाली, कागद गावाकडं हायेत. ट्रॅक्टर निघाला. बाळ तिने पदरात बांधलं आणि चढून बसली.

सासरी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बायको जागी होती. तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आपल्याला पण एकच कोयता धरायला पाहिजे. दंड सोडून."

जूनमध्ये तिचे जुने तास गेले ते गेलेच. साताऱ्यात दुसऱ्या एका कॉलेजात नऊ तास मिळाले, पुन्हा तासिकेवरच. त्याच महिन्यात मला मेल आला, आठवड्यातून तीन दिवस पुण्याला ऑफिसात या. २०१७ च्या दुरुस्तीत रजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची सोय आहे, पण ती आईला. मी मॅनेजरला फोन केला आणि पहिल्यांदा आढेवेढे न घेता सांगितलं की मला मूल सांभाळायचंय. आई आजारी आहे, रेंज नाही, असलं काही नाही. तो थोडा थांबला. मग म्हणाला, गुरुवार-शुक्रवार तरी ये. वर्षअखेरच्या रेटिंगला याचं काय होईल ते तोही जाणतो, मीही जाणतो.

त्यामुळे सध्या असं चाललंय. सोमवार ते बुधवार अकरा ते एक माझ्या कॅलेंडरवर 'पोरगी' असं लिहिलेलं असतं, सगळ्या टीमला दिसेल असं. दोघांनी विचारलं, हे कुठलं मॉड्यूल? गुरुवारी आणि शुक्रवारी आई बघते. शनिवारी बायकोचे तास सकाळी आठला असतात, आईचं तेव्हा देवळात असतं आणि मी रात्रीच्या कॉलनंतर मेल्यासारखा झोपलेला असतो. तेव्हा अण्णा. छत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस पहिले दोन महिने तिला उचलायलाच घाबरत होता, हातातून सटकेल म्हणून. परवा डोळे उघडले तर ते बाल्कनीत तिला पालथी घालून तिचं दुपटं बदलत होते, ओठात पिन धरून. मी मोबाइल घ्यायला गेलो तर म्हणाले, फोटो काढू नको, आणि गरम पाणी आण.