नवी पेठेचा नळ आणि उजनीची चिलापी

नवी पेठेतली खरेदी आटोपून घरी परतल्यावर आपण जे तांब्याभर पाणी पिता, ते बहुधा उजनीचे असते. सोलापुरात शिजणारे मासेही पुष्कळदा त्याच जलाशयातले. भीमेवरचे हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि माशांचे जेवण बदलले.

वाहत्या नदीत काही मासे खडकावरचे शेवाळ खरवडत, काही प्रवाहातून येणारे किडे टिपत, तर काही काठच्या झाडांवरून पडलेली फळे गिळत. पाणी अडल्यावर दगड गाळाखाली जातात. बुडालेली झाडेझुडपे कुजू लागतात, तेव्हा पहिली काही वर्षे किड्यांची आणि सूक्ष्म जीवांची चंगळ असते. ती ओसरली की मुख्यतः तरंगते शेवाळ, त्यावर जगणारे बारीक जीव आणि तळचा गाळ एवढेच उरते. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी मुळा-मुठेतल्या ज्या महसीराचे शास्त्रीय वर्णन केले, त्याला वाहते, स्वच्छ पाणी लागते. सोडलेल्या माशांपैकी कटला वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो, मृगल तळ चाळतो. मूळची आफ्रिकेतली चिलापी मात्र शेवाळ, गाळ, किडे, काहीही खाते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरते, त्यावर शेवाळ पोसते, आणि चिलापीचे फावते.

म्हणूनच अनेक घरांत तिला नाके मुरडली जातात. ते मला पूर्णपणे पटत नाही. कटला-रोहूच्या मांसात केसासारखे काटे विखुरलेले असतात. चिलापीच्या मांसात ते नसतात. कवळी लावणाऱ्या आजोबांना तीच सोयीची. सांडपाण्याची शंका मात्र रास्त आहे. जड धातू शिजवल्याने जात नाहीत. ते यकृत-मूत्रपिंडात अधिक साठतात, म्हणून आतडी-काळीज पूर्ण काढावे, डोके रश्श्यात घालू नये. दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे, जुने मासे पाऱ्याच्या दृष्टीने अधिक जोखमीचे. त्यांच्यापेक्षा मध्यम आकाराचा मासा बरा. कल्ले लालभडक असावेत, बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे.

घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार किंवा संधिवाताचा युरिक अ‍ॅसिडवाला प्रकार असेल, तर किती आणि कितीदा खावे हे डॉक्टरांना विचारा. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्यांना तुकडा तसाच वाढू नका. काटे नसले तरी फासळ्या असतातच. आधी मांस बोटांनी कुस्करून, चाचपून घ्या.