वंशावळीतली रिकामी जागा

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरी लोखंडी पेटीत वंशावळीचा एक कागद असायचा. आजोबा खानदेशातून मालवा मिलच्या साचेखात्यात लागले, तेव्हा तो सोबत आणला होता. निळ्या शाईत बाप, त्याखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. वाचता येऊ लागल्यावर मी आजीला विचारलं, "यात मी कुठे?" ती म्हणाली, "मुलींची नावं नसतात गं त्यात. माझंही नाही."

पुढे घराजवळच्याच इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये नोकरी लागली आणि डेटाबेसची भाषा एसक्यूएल शिकताना मी त्या वंशावळीसाठी 'व्यक्ती' नावाचं टेबल केलं. रकाने चार: क्रमांक, नाव, वडील, आई. शेवटचे दोन फॉरेन की, त्याच टेबलातल्या क्रमांकांवर बेतलेले. हौसेनं पहिली ओळ माझीच इन्सर्ट केली, वडिलांच्या रकान्यात ७ लिहून. एरर आला. ७ क्रमांकाची ओळ टेबलात होतीच कुठे? आधी थोरले घालायचे, मग धाकटे. सगळ्यात वरच्या ओळीत आईवडिलांच्या जागी नल. एकाच इन्सर्टमध्ये सगळे मिळून दिले तर पोस्टग्रेस हे डेटाबेस क्रम पाहत नाही, कारण ते पूर्ण विधान झाल्यावर तपासतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी मात्र ओळीगणिक तपासतं. तिथे लेक बापाआधी आली की अडलीच.

मला खरं थांबवलं ते नलनं. नल म्हणजे शून्य नव्हे, 'नाही'ही नव्हे. नल म्हणजे ठाऊक नाही. आजीचे वडील नल, पणजीचेही नल, म्हणून दोघी एका बापाच्या लेकी ठरत नाहीत. नलची नलशी बरोबरी होत नाही. अहिल्याबाईंचे वडील चौंडीचे माणकोजी शिंदे, हे इंदुरात शाळकरी पोरही सांगेल. माझ्या आजीचे वडील कोण, हे आमच्या घरात कुणी तिला विचारलंच नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या रात्री तिच्या खाटेशी बसून विचारलं. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, दारातल्या चिंचेबद्दलही सांगितलं. सकाळी आधी त्यांची ओळ इन्सर्ट केली, क्रमांक ६१. मग आजीच्या ओळीवर अपडेट: वडील ६१. आईबद्दल ती एवढंच म्हणाली, "मी दोन वर्षांची असताना गेली. सगळे तिला बाई म्हणायचे."

आजीच्या ओळीत आईचा रकाना अजून नल आहे.