महोगनीचा हीट नंबर

चाकणच्या एका कारखान्यात मी इनकमिंग इन्स्पेक्शनला आहे. गेटमधून आत आलेल्या प्रत्येक सळईला एकच प्रश्न विचारायचा: तू कुठली? टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबर (म्हणजे पोलादाच्या कुठल्या वितळणीतून ती आली त्याचा क्रमांक), बॅच. जुळलं नाही की लाल टॅग, माल बाजूला. बावीस वर्षं हेच केलं. आणि गेल्या महिन्यात कळलं की कादंबऱ्यांनाही हाच प्रश्न विचारतात! विद्यापीठांत माणसं त्यावर आयुष्य काढतात! तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

मुलीला एम.ए.ला शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही कादंबरी आहे. तिच्या टेबलावर इलेन फ्रीडगूड या अमेरिकेतल्या प्राध्यापक बाईंचं 'द आयडियाज इन थिंग्ज' हे २००६ सालचं पुस्तक पडलं होतं. सेकंड शिफ्ट करून आलो होतो, चहा होईपर्यंत सहज उघडलं. चहा तसाच निवून गेला.

अहो, काय वाचलं सांगू! जेनला मदिरा बेटावरच्या काकांचा वारसा मिळतो, वीस हजार पौंड. त्यातून ती घर सजवते, जुन्या महोगनीचं फर्निचर घेते. आपण हे वाक्य वाचून पुढे सरकतो. फ्रीडगूड बाई तिथेच थांबतात. हे लाकूड कुठलं? कुणी तोडलं? आणि माग काढत थेट मदिरा आणि कॅरिबियन बेटांवर पोचतात. जंगलं साफ करून लावलेला ऊस, त्यात राबवलेले गुलाम, गुलामांच्याच हातून तुटलेली महोगनी. कादंबरी त्या खुर्चीमागच्या माणसांबद्दल बोलत नाही, पण खुर्ची साक्ष देते! एलिझाबेथ गॅस्केलच्या 'मेरी बार्टन'मध्ये मँचेस्टरच्या गरीब घरात चौकड्यांचे पडदे आहेत. त्या पडद्यांचं सूतही बाई उलगडतात आणि जगभरच्या कापसाच्या बाजारात शिरतात. आपल्याकडच्या विणकरांचे माग बंद पाडणारं कापड त्याच मँचेस्टरच्या लँकेशायर परगण्याचं.

मग मी हावरटासारखा वाचत सुटलो. डेबोरा लुट्झ यांचं २०१५ सालचं 'द ब्राँटे कॅबिनेट' तर ब्राँटे बहिणींची आयुष्यं नऊ वस्तूंमधून सांगतं. कुत्र्याचा पट्टा, केसांचं विणलेलं कडं, लहानपणी स्वतः शिवलेली इवली इवली पुस्तकं! व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१, असा हातात घेऊन उलटापालटा करून बघता येतो, हे मला कुणी शाळेत का नाही सांगितलं?

आणि आता खरी गोष्ट. 'जेन एअर' आली १८४७ साली. त्याच सुमारास आपल्या दापोडीत, हो, पुण्याच्या हॅरिस पुलाजवळच्या दापोडीत, एक चित्रकार सरकारी बागेतल्या झाडांची चित्रं काढत बसला होता! बाग गव्हर्नरच्या बंगल्याची, देखरेख अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरची. ती चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तिथल्याच हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. पान न् पान, शीर न् शीर रंगवलेली. गिब्सनचं नाव टिकलं. चित्रकार हिंदुस्थानातलाच, पण त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. माझ्या बाकावर असा पार्ट आला असता, इतका उत्तम आणि कागदाशिवाय, तर तो कुणी घडवला हे शोधल्याशिवाय मी घरी गेलो नसतो. कंपनीच्या बसमधून रोज दापोडी ओलांडताना आता मी खिडकीला चिकटून बसतो.

मुलगी शिकते त्या विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीतलं जुनं गव्हर्नमेंट हाउस. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी तिथेच झाली. तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे दामोदर चापेकर आमच्या चिंचवडचे. त्याच आवारात बसून आज आमची मुलगी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबऱ्यांना खडसावून प्रश्न विचारते. मला भरून येतं.

काल आईकडे गेलो तर कट्ट्यावर लोणच्याची चिनी मातीची बरणी. तिला ती तिच्या आजेसासूबाईंकडून आलेली. लोणचं दुसऱ्या भांड्यात काढलं, बरणी धुतली, उलटी केली. बुडाला निळसर शिक्का आहे, अर्धा झिजलेला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये दोन अक्षरं लागलीत. मुलीला येताना भिंग आणायला सांगितलंय.