नोव्हगोरोदची सासू आणि सून

सेंट पीटर्सबर्गहून दक्षिणेला सुमारे १९० किलोमीटरवर रशियातले वेलिकी नोव्हगोरोद हे जुने शहर. वोल्खोव नदीच्या काठी लाल विटांचा कोट, आत अकराव्या शतकातले चर्च. प्रवासी तेवढेच पाहून परततात. आम्ही गेलो होतो ते बर्च झाडाच्या सालीवरील चिठ्ठ्या पाहायला.

इथली साधी माणसे अशा सालीवर टोकदार हत्याराने कोरून निरोप धाडीत. ओल्या मातीत त्या टिकल्या. पहिली चिठ्ठी २६ जुलै १९५१ रोजी सापडली, तीही खोदकामावरच्या नीना अकुलोवा या बाईंना. आज त्यांची संख्या अकराशेच्या वर आहे. हा राजेरजवाड्यांचा नव्हे, घरादाराचा इतिहास!

त्याच वर्षी मिळालेली नऊ नंबरची चिठ्ठी बाराव्या शतकातली. गोस्त्याता ही वासिलला कळविते की, बापाने व नातलगांनी मला दिलेले सारे त्याच्यापाशीच आहे, आता तो दुसरी बायको करतो आहे, मला काही देत नाही, हाकलून दिले आहे, तू ये. बहुतेक अभ्यासक ही टाकून दिलेल्या बायकोची चिठ्ठी मानतात.

ती वाचल्यावर तिथल्या सासरच्या नात्यांची नावे आम्ही विचारून घेतली. नवऱ्याची आई स्वेक्रोव, बाप स्व्योकर, भाऊ देवेर आणि मुलाची बायको स्नोखा. म्हणजे आपली सासू, सासरा, दीर आणि सून! पालीत तर सुनेला सुण्हा म्हणतात. हा योगायोग नव्हे. या साऱ्या एकाच जुन्या भाषेच्या लेकी आहेत.

बेर्टोल्ड डेलब्रुक या जर्मन पंडिताने १८८९ मध्ये असे शब्द ताडून पाहिले. सुनेने सासरच्यांना द्यायची नावे भाषाभाषांतून एकाच मुळाची निघाली. जावयाने बायकोच्या माणसांना द्यायची मात्र बहुतेक जागोजाग निराळी. म्हणजे लिहिणे ठाऊक नव्हते तेव्हाही घर सोडून जायची ती मुलगीच. इंग्रजीने ही जुनी नावे टाकून सरसकट सर्वांना ‘इन-लॉ’ असे कायद्याचे शेपूट लावले, ते असो.

रशियन व्दोवा, जर्मन विट्वे, इंग्रजी विडो आणि आपली विधवा हेही एकच. मूळ अर्थ ताटातूट झालेली. ‘धव म्हणजे नवरा, तो नसलेली’ ही फोड मागाहूनची; धव हा शब्दच विधवेतून काढलेला. बायको मेलेल्या पुरुषाला त्या मूळ भाषेत शब्द सापडत नाही. इंग्रजीने विडोवरून विडोअर केला, रशियनने व्दोवावरून व्दोवेत्स, तोही नंतर.